टोप उलटा करून बघा

'ओरिजिनल रेप्लिका' हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा वापरला त्याला माझा कोपरापासून नमस्कार. अस्सल नक्कल! 'शुद्ध भेसळ' म्हटल्यासारखंच झालं हे. पण आमच्या सक्करदऱ्यात हा शब्द आता इतका रुळलाय की ऐकून कुणी हसतसुद्धा नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत 'छावा' आला आणि पाचच दिवसांनी शिवजयंती होती. तेव्हापासून टोप, ढाली, तलवारी आणि चिलखतं यांचा आमच्या भागात जो सुकाळ झालाय तो काही ओसरायला तयार नाही. हातगाडीवर पुठ्ठ्याचे, दुकानात फायबरचे, काचेच्या शोकेसमध्ये पितळी मुलाम्याचे. अठराशेपासून बारा हजारांपर्यंत, जसा ज्याचा खिसा. अशाच एका शोकेसपुढे मी दुकानदाराला विचारलं, हा टोप कशावरून बनवलाय? तो म्हणाला, "भाऊ, सेम टू सेम पिच्चरवाला आहे. म्युझियम क्वालिटी." मी विचारलं, कोणतं म्युझियम? "आता ते म्युझियमच असते ना जी!"

मंडळी, या एका उत्तरात माझ्या आजच्या सगळ्या भांडणाचा ऐवज आहे. 'पिच्चरवाला' आणि 'म्युझियमवाला' ही दोन वेगवेगळी मापं आहेत, आणि आपण दोन्हींची खिचडी करून ठेवलीय. आधीच सांगतो, टोप विकणाऱ्याशी माझं वैर नाही. त्याचं पोट त्यावर आहे. वैर आहे ते या मापातल्या पापाशी, आणि ते खपवून घेणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकाशी.

नक्कल तीन प्रकारची असते. पहिली, एखाद्या जुन्या खऱ्या वस्तूची. दुसरी, सिनेमात वापरलेल्या वस्तूची. तिसरी ही खरं तर नक्कल नसतेच, ती वेशभूषा असते; लांबून राजा राजासारखा दिसला की तिचं काम झालं. तिन्ही आपापल्या जागी चांगल्या. फक्त तिघींची परीक्षा वेगळी. पहिलीला विचारायचं, मूळ वस्तूशी किती जुळतेस? दुसरीला विचारायचं, पडद्यावरच्या वस्तूशी किती जुळतेस? तिसरीला विचारायचं, अंगावर नीट बसतेस ना आणि टोचत नाहीस ना? तिसरीनं पहिलीचं प्रमाणपत्र गळ्यात घालून फिरायचं, याला सरळ मराठीत फसवणूक म्हणतात.

आता बंगळूरच्या माझ्या भाच्याचं उदाहरण देतो. (तो हे वाचतो, तेव्हा जपून लिहायला हवं!) त्याला 'स्टार वॉर्स'चं वेड. डार्थ व्हेडरचं काळं शिरस्त्राण घ्यायचं म्हणून हा मुलगा सहा महिने अभ्यास करत होता. मला फोनवर तासभर समजावून सांगितलं, की १९७७च्या सिनेमातला तो मुखवटा मूर्तिकारानं हातानं मातीत घडवला होता, त्यामुळे त्याचा डावा गाल आणि उजवा गाल सारखा नाही. बाजारात येणाऱ्या पुष्कळ प्रती दोन्ही बाजू कॉम्प्युटरवर तंतोतंत सारख्या करून काढलेल्या असतात. दिसायला त्या जास्त देखण्या, पण जाणकार त्यांना बाद करतात. मूळ शिरस्त्राण एकसारखं काळंही नाही, काही भाग काळे आणि काही बंदुकीच्या नळीसारखे करडे. आणखी एक गोष्ट त्याच्याकडून कळली ती फार महत्त्वाची. साच्यातून काढलेल्या प्रतीवरून पुन्हा साचा केला की दुसरी प्रत किंचित आकसते. तिच्यावरून तिसरी काढली की आणखी. कडा बोथट होतात, बारीक रेषा पुसट होतात. त्यामुळे ही मंडळी शिरस्त्राणाची वंशावळ विचारतात. हे कितव्या पिढीचं पोर आहे? याचा आजा सिनेमाच्या सेटवर होता का?

मी थक्क झालो. आणि नंतर मला भयंकर राग आला. भाच्यावर नव्हे, आपल्यावर. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही त्याच्या गालाची मापं लोक मिलिमीटरमध्ये काढतात. आणि जो माणूस खरा होता, ज्याच्या नावानं आपण सकाळ-संध्याकाळ घोषणा देतो, त्याच्या डोक्यावर नेमकं काय होतं हे विचारलं तर आपल्याकडे उत्तर काय? "पिच्चरवाला आहे भाऊ."

सिनेमातल्या वस्तूला मी कमी लेखतोय असं समजू नका. तिचं कामच वेगळं. एकाच पात्राचे तीन-तीन टोप केलेले असतात. चेहरा जवळून दाखवायचा असेल तर एक, घोड्यावरून दौडायचं असेल तर हलका, मारामारीत पडायचं असेल तर रबराचा किंवा फायबरचा. म्हणजे 'पिच्चरवाला' म्हटलं तरी प्रश्न उरतोच, त्यातला कोणता? कॅमेऱ्याला दिसत नाही ती बाजू रंगवलेलीही नसते. यात लबाडी काहीच नाही. 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या शिपायांची शिरस्त्राणं ज्या इंग्रज कारागिरानं १९७६ साली प्लास्टिकचा तापवलेला पत्रा साच्यावर ओढून तयार केली होती, त्या अँड्र्यू एन्सवर्थनं पुढे त्याच धाटणीच्या प्रती विकायला काढल्या. लुकासच्या कंपनीनं खटला भरला. तो इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०११ साली न्यायालयानं सांगितलं की हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प नव्हे. कलाकृती म्हणायची तर ती तो सिनेमा. शिरस्त्राण ही सिनेमा तयार करताना लागलेली उपयोगाची वस्तू. कायद्याच्या खाचाखोचा वकिलांनी बघाव्यात, मला त्यातलं शहाणपण आवडलं. सिनेमातला टोप सिनेमाचं काम करतो. त्यानं इतिहासाची साक्ष द्यावी ही अपेक्षा त्याच्याकडून करू नये, आणि त्याच्या प्रतीकडून तर मुळीच नाही.

आपल्याकडे मात्र गंमत वेगळीच झाली. आपल्याकडे सिनेमाच इतिहासाचा मूळ नमुना होऊन बसला. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' केला, भालजी पेंढारकरांनी १९५२ साली चंद्रकांतना घेऊन 'छत्रपती शिवाजी' केला. त्या काळातल्या साधनांत त्यांनी जे उभं केलं त्याला तोड नाही. महाराजांचं जे चित्र राज्य शासनानं अधिकृत मानलं ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांचं, आणि कांबळे हे 'मुघल-ए-आझम'ची पोस्टरं रंगवणारे पट्टीचे कलावंत. म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे महाराज येतात त्यांत सिनेमाचा हात फार मोठा आहे. त्यात वाईट काही नाही. पण ती एका थोर कलावंताची कल्पना आहे, टोपाचं मोजमाप नव्हे, एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं की नको?

मोजमापाच्या जवळ जाणारं काय आहे मग? महाराजांच्या हयातीच्या आसपासची काही चित्रं आहेत. ॲमस्टरडॅमच्या रायक्स म्युझियममध्ये आहे, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, मनुचीसाठी मीर मुहम्मदानं काढलेलं घोड्यावरचं चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एका डच चित्राचा शोध लावून ते लोकांपुढे आणलं वा. सी. बेंद्रे यांनी, आणि तोपर्यंत भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जात होतं! या चित्रांत डोक्याला दिसतं ते गुंडाळलेलं कापड आणि वर तुरा. दुकानातला तो पुठ्ठ्यावर ताठ बसवलेला, मखमल चिकटवलेला, मोत्याच्या माळा शिवलेला आकार त्यांत शोधून दाखवा.

आणि 'जिरेटोप' हा शब्द? हा तर आपल्या दुर्लक्षाचा कळसच. 'जिरे' म्हणजे फोडणीतलं जिरं नव्हे आणि जरही नव्हे. मूळ फारसी शब्द झिरह, म्हणजे लोखंडी कड्यांचं चिलखत. जिरेटोप म्हणजे कड्यांची जाळी असलेला लढाईचा टोप. ग्रँट डफनं १८२६च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात अफझलखानाच्या भेटीचं वर्णन करताना सांगितलंय की महाराजांनी पागोट्याखाली पोलादी कड्यांची टोपी आणि अंगरख्याखाली कड्यांचं चिलखत घातलं होतं. म्हणजे जीव वाचवणारी वस्तू खाली, न दिसणारी. आणि वर साधं कापड. आपण काय केलं? खालचं पोलाद काढून टाकलं, वरच्या कापडाला पोलादाचं नाव दिलं, आणि त्याला टिकल्या लावल्या.

तर, परीक्षा कशी करायची? दुकानात उभं राहून पाच मिनिटांत करता येण्यासारखी आहे. मी करतो ती पद्धत सांगतो. यात लढाईच्या धातूच्या टोपाबद्दल बोलतोय, मखमलीच्या नव्हे.

पहिलं, टोप हातात घ्यायच्या आधी विचारा की हा कोणत्या टोपावरून केला? 'मराठा स्टाइल' हे उत्तर नव्हे. मूळ वस्तू कुठे आहे, कुणाकडे आहे, तिची मापं कुणी घेतली, हे सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर ती प्रतिकृती नाही. छान वस्तू असेल, घ्या खुशाल. पण प्रतिकृतीची किंमत देऊ नका.

दुसरं, टोप उलटा करा. हे सगळ्यात महत्त्वाचं. समोरून सगळेच टोप राजबिंडे दिसतात, खरं काय ते आतून कळतं. आत वेल्डिंगचे गोळे तसेच ठेवलेत का? कडेला बोट फिरवलं तर कापतं का? अस्तराची, गादीची काही सोय आहे का? लढणारा माणूस उघडं पोलाद टाळूवर ठेवत नसे. खाली कापसाची गादीची टोपी किंवा पागोटं असे, आणि तेवढी जागा टोपात सोडलेली असे. जो टोप नुसत्या डोक्यालाच घट्ट बसतो तो घालण्यासाठी बनवलेलाच नाही, भिंतीसाठी बनवलाय.

तिसरं, वजन. "हातात घेऊन पाहा ना भाऊ, कसा भारी आहे!" हे ऐकलं की समजावं, गडबड आहे. जड म्हणजे अस्सल हा नियम वरवंट्याला लागू. दिवसभर डोक्यावर वागवायचा, त्यात मान वळवायची, घोडा पळवायचा, तो टोप जाळीसकट साधारण किलो-दीड किलोच्या आसपास असायचा. जुन्या कारागिरानं तो हातोड्यानं ठोकून वर उचललेला असे, त्यामुळे पत्रा सगळीकडे एका जाडीचा नसतो. आजचा टोप पुष्कळदा एका जाडीच्या पत्र्याचे दोन भाग जोडून किंवा यंत्रावर फिरवून केलेला असतो. त्यालाही माझी हरकत नाही. पण जोड घासून साफ केला नसेल तर ती कामातली चुकारी आहे, तिला 'अँटिक लूक' म्हणू नका.

चौथं, नाकपट्टी. जुन्या हिंदुस्थानी टोपांत नाकासमोर येणारी पट्टी खाली-वर सरकते आणि स्क्रूनं किंवा आकड्यानं हवी तिथे अडकवता येते. लढाईत खाली, एरवी वर. दुकानातल्या दहांतल्या नऊ टोपांत ती वेल्डिंग करून कायमची चिकटवलेली असते. तीच गोष्ट तुऱ्यांच्या नळ्यांची. तुरा खोचायला त्या पोकळ असायला हव्यात. इथे भरीव दांडकी डकवलेली असतात. ज्याला ही पट्टी आणि नळी कशासाठी आहे हेच ठाऊक नाही त्यानं तो फोटोवरून केलाय, हे आपोआप कळतं.

पाचवं, मानेवरची जाळी. कसदार लढाऊ जाळीत प्रत्येक कडीची दोन टोकं चपटी करून एकमेकांवर चढवलेली असतात आणि त्यात बारीकसा खिळा ठोकलेला असतो. हजारो कड्या, आणि प्रत्येकीला खिळा. बाजारातल्या जाळीत तार वळवून टोकं नुसती समोरासमोर आणलेली असतात; दोन बोटांनी ओढा, कडी उघडते. आता इथे न्यायानं एक सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात दरबारी थाटासाठी केलेल्या खऱ्या टोपांतही अशी नुसती टोकं जुळवलेली जाळी सापडते. त्यामुळे 'खिळा नाही म्हणजे खोटं' असंही डोळे मिटून म्हणता येत नाही. म्हणूनच तर पहिला प्रश्न पहिला! कोणत्या टोपावरून केला हे ठाऊक असलं तरच जाळी बरोबर की चूक ते ठरवता येतं.

सहावं, नक्षी. खऱ्या कोफ्तगरीत पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. भिंगातून पाहिलं तर तारेच्या कडेला त्या रेघा दिसतात. स्वस्तातल्या कामात ॲसिडनं नक्षी खाल्लेली असते आणि खळग्यात सोनेरी रंग भरलेला असतो, नखानं निघतो. मधला प्रामाणिक मार्गही आहे: साध्या पितळी तारेचं काम करा आणि तसं सांगा.

सातवं, म्हातारपण. नव्या टोपाला काळं फासून 'तीनशे वर्षं जुना' दाखवायची एक टूम आहे. वस्तू म्हातारी होते ती हाताळण्यानं. जिथे हात लागतो, जिथे घासते, तिथे झिजते. सांध्यात मळ साचतो. सगळीकडे सारखं काळं म्हणजे वय नव्हे, पॉलिश.

झाली सात. यांतल्या एखाद-दुसरीत नापास झाला म्हणून टोप फेकून द्यायचा नसतो. पण सातही परीक्षांत नापास झालेल्या टोपाला 'म्युझियम क्वालिटी' म्हणायचं आणि वर बारा हजार मोजायचे, हे मला पटत नाही.

इथे माझ्यावर नेहमी एक अस्त्र सोडलं जातं. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या अध्यक्षांनी तर मला तोंडावर सुनावलं, "काका, तुम्ही महाराजांच्या टोपात खोट काढता? भावना बघा ना, लोखंड काय बघता!" आजूबाजूच्या पोरांनी माना डोलावल्या.

भावना! ठीक आहे, भावनेचंच बोलू. २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात सेनासाहेबसुभा रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. हे रघुजी म्हणजे आमच्या नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष, ज्यांच्या वंशजांचा वाडा या सक्करदऱ्यात, ज्यांच्या नावाची वस्ती आमच्या शेजारी. राज्य सरकारनं ४७ लाखांच्या वर रुपये मोजून ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं युरोपीय बनावटीचं, एकधारी. मुठीवर सोन्याची कोफ्तगरी. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव आणि पदवी. आता मला सांगा, नुसती भावनाच पुरेशी असती तर लंडनला जायची गरज काय होती? आमच्या चौकातल्या दुकानात तीन हजारांत याहून चकचकीत तलवार मिळते की! सरकारनं पैसे मोजले ते 'ही' तलवार 'तीच' आहे म्हणून. पात्यावर नाव आहे म्हणून. म्हणजे भावनेचा आधारही शेवटी लोखंडच. तपशील खरा असला की भावनेला उभं राहायला जमीन मिळते. तपशील खोटा असला की भावना राहते, पण ती कुणाबद्दल आहे हेच कळेनासं होतं.

दुसरं उदाहरण वाघनखांचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती २०२४ साली साताऱ्यात आली आणि २०२५च्या फेब्रुवारीपासून आमच्या अजब बंगल्यात होती. ती आली त्याच ग्रँट डफच्या घराण्याकडून. गर्दी लोटली, शाळांच्या सहली आल्या. त्या लंडनच्या संग्रहालयाची भूमिका मात्र सावध आहे: ही ग्रँट डफकडून आलेली वाघनखं आहेत हे नक्की, पण अफझलखानाच्या भेटीत वापरलेली हीच, असं सिद्ध करता येत नाही. वस्तू हातात असूनही जेवढं माहीत तेवढंच लिहायचं, याला म्युझियम क्वालिटी म्हणतात! तो गुण लोखंडात नसतो, चिठ्ठीत असतो. आणि नेमकी तीच चिठ्ठी आपल्याकडच्या गाजावाजात कुणाला ऐकू आली नाही.

आमच्या घरातली काही मंडळी म्हणतील (मोठे काका नक्कीच!), की म्हणजे आता गल्लीतल्या पोरांनी पुठ्ठ्याचा टोप घालायचा नाही का? घालायचा की! मी तर म्हणतो पुठ्ठ्याचाच घाला. मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे कागदाचे आणि बांबूचे असतात, कुणी त्यांना 'ओरिजिनल' म्हणत नाही, आणि सगळं नागपूर ते बघायला रस्त्यावर येतं. चितार ओळीतला मूर्तिकार मातीचा मुकुट घडवतो तेव्हा तो माती म्हणूनच घडवतो. वडसा-देसाईगंजकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात राजा ज्या टोपात उभा राहतो तो ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आलेला असतो. रात्रभर हजारो माणसं त्या राजाला राजा मानतात आणि पहाटे टोप पेटीत जातो. ही प्रामाणिक वेशभूषा आहे. तिला माझा मुजरा. तिनं कधी खोटं सांगितलं नाही.

खोटं सांगणाऱ्या टोपाचं नुकसान कुणाला होतं, तेही बघा. आपल्याच देशात, डेहराडूनसारख्या ठिकाणी, परदेशी संग्रहालयांसाठी आणि हॉलिवूडच्या चाहत्यांसाठी नावाजलेल्या प्रतिकृती तयार होतात. म्हणजे हात आहेत, कसब आहे. कमी आहे ते विचारणारं गिऱ्हाईक. कडी-कडीला खिळा मारणाऱ्या कारागिराला महिनोन् महिने लागणार. त्याच्या शेजारी मुलाम्याचा टोप 'सेम टू सेम' म्हणून विकला जातोय. गिऱ्हाइकाला फरकच कळत नसेल तर कारागिरानं का मरायचं? तो उद्या मोबाइलची कव्हरं विकेल. आणि नुकसान पोरांचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात टोप बघून मूल चित्र काढतं, ते चित्र बघून उद्या कुणी पुतळा करतं, पुतळा बघून पुन्हा सिनेमावाले टोप करतात. साच्यावरून साचा, प्रतीवरून प्रत. भाच्यानं सांगितलेलं आठवा: दर पिढीला वस्तू थोडी आकसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे, खर्चाची नाही. 'प्रतिकृती' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टोपाच्या आत चार ओळींची चिठ्ठी असावी. मूळ वस्तू कोणती आणि कुठे आहे. मापं प्रत्यक्ष घेतली की फोटोवरून. साहित्य काय. आणि मुळापेक्षा वेगळं काय केलंय. सिनेमावरून केला असेल तर सिनेमाचं नाव, बस, लाज कसली त्यात? संग्रहालयांकडेही एक मागणं आहे. काचेआडचा टोप आपल्याला समोरून दिसतो, आतून कधीच दिसत नाही. चारी बाजूंचे आणि आतले फोटो, वजन, पत्र्याची जाडी, कड्यांची बनावट, एवढं छापून लोकांना उपलब्ध करून दिलं तर कारागिरांची आणि सिनेमावाल्यांची, दोघांचीही सोय होईल. लंडन-पॅरिसच्या वस्तू लांब आहेत, मान्य. पण नागपूरचा अजब बंगला १८६३ पासून इथेच आहे, सक्करदऱ्यातून ऑटोनं अर्ध्या तासावर.

आणि अध्यक्षमहाशय, तुम्ही हे वाचत असाल तर (कुणीतरी वाचून दाखवेलच), पुढच्या शिवजयंतीला मंडळाच्या वर्गणीतून टोप आणाल तेव्हा जयजयकार करायच्या आधी तो एकदा सगळ्यांसमोर उलटा धरा. आत चिठ्ठी असेल तर हार मी आणतो. नसेल तर पुठ्ठ्याचा आणा. मुजरा तोच राहील आणि बारा हजारांत वस्तीतल्या पन्नास पोरांना अजब बंगला दाखवून आणता येईल, वर समोसा-चहासकट.

ता. क. : दिवाळीला मला 'सरप्राइज' म्हणून टोप देण्याचा बेत ज्या वहिनींच्या मनात आहे असं ऐकतो, त्यांनी कृपया नाकपट्टी सरकते का ते बघून घ्यावं. :-)